दोन शतांश

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी दापोडीच्या गाळ्यांमध्ये काम कमी आणि घासपूस जास्त असते. लेथ असो, ड्रिल असो की ग्राइंडर, वर्षभराचा तेलकट काळेपणा त्या दिवशी अंगावरून उतरवायचा असतो, कारण दुसऱ्या दिवशी त्यांना हळदकुंकू वाहायचं असतं. गणराजचा बफिंगचा, म्हणजे धातूला घासून चकाकी आणायचा, गाळा तर त्या दुपारी पान्हे, हातोड्या आणि समयांनी इतका भरला होता की पाय ठेवायला जागा नव्हती. त्या सगळ्या पसाऱ्यात, घडी घातलेल्या वर्तमानपत्रावर, एक पोलादी कडं एकटंच चमकत होतं.

गणराजचे वडील हिंदुराव लेकाचा डबा घेऊन आले आणि सवयीप्रमाणे त्यांचा हात त्या कड्याकडे गेला. आयुष्यभर चेकर म्हणून काम केलेला माणूस. समोर आलेला कुठलाही पीस उचलून उजेडात धरल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

"अण्णा, हात पुसून घ्या आधी!" गणराज बफच्या आवाजावर आवाज चढवून ओरडला. "राष्ट्रपतींचं आहे ते."

हिंदुरावांनी धोतराला हात पुसले. "कुणाचं?"

"निंबोरे साहेबांचं हो. सांगवीत त्यांच्या नावाचं विज्ञान दालन होतंय ना, त्यात ठेवायचंय. उद्या सकाळी उद्घाटन. दिल्लीहून त्यांच्या सगळ्या वस्तू आल्यात. चष्मा, काठी, आणि हे. म्हणे पाच वर्षं राष्ट्रपती होते, तेव्हा सबंध वेळ त्यांच्या टेबलावर होतं. अग्निबाणाच्या इंजिनातलं आहे, वर अवकाशात जाऊन आलेलं." त्यानं बफ बंद केला. "फार कळकट दिसत होतं राव. लाल रंग, तोही पोपडे आलेला. दालनाच्या दिपाली मॅडम म्हणाल्या, जरा चमकवून द्या. म्हटलं, सणाच्या दिवशी एवढी सेवा आपल्या हातून होऊ द्या. थिनरनं पुसलं, वरून बफ मारला. बघा कसं आरशासारखं झालंय."

हिंदुराव कडं फिरवत होते. बाहेरच्या अंगाला एक बारीक खाच होती. थिनरचं फडकं तिच्या तळापर्यंत पोचलं नव्हतं. तिथं केसाएवढी लाल रेघ शिल्लक होती.

"गण्या, आपल्या धंद्यात लाल रंग म्हणजे काय?"

"रिजेक्ट." गणराज हसला. "पण अण्णा, राष्ट्रपतींच्या टेबलावर रिजेक्ट पीस कोण ठेवील? काय तुम्ही पण!"

ह्याचं उत्तर हिंदुरावांकडे होतं. चव्वेचाळीस वर्षं होतं. पण ते उत्तर इतकं आगाऊ होतं, की त्यांनी ते स्वतःलासुद्धा कधी मोठ्यानं सांगितलं नव्हतं.

तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते. कराडकडून येऊन, आयटीआय करून, भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये चेकर म्हणून नुकतेच लागले होते. त्या वर्कशॉपला अग्निबाणाच्या इंजिनासाठी एका पोलादी कड्याचं काम मिळालं होतं, आणि ते करून घ्यायला दक्षिणेतल्या अग्निबाण केंद्रातून एक तरुण शास्त्रज्ञ येऊन राहिला होता. मूळचा परंड्याकडचा, काटक, डोळे सदा जागरणानं लाल. उद्धव निंबोरे. भेगाळलेलं पोलाद, चुकलेल्या उष्णता-प्रक्रिया, मोडलेली टूल्स ह्यांतून तीन महिन्यांनी एकदाचं एक कडं मनासारखं उतरलं. संध्याकाळच्या गाडीनं निंबोरे ते घेऊन निघणार होते. तिकडे सगळं इंजिन त्या एका कड्यासाठी अडून बसलेलं.

हिंदुरावांनी आतलं भोक मोजलं. गेजचा काटा हद्दीच्या पुढे चार शतांश गेला. मिलिमीटरचे शंभर भाग करा, त्यातले चार.

"अरे, आत्ता मशीनवरून उतरलंय ते. गरम आहे," निंबोरे म्हणाले. "गरम कडं फुगतं. गार झालं की बसेल हद्दीत. मार शिक्का, मला गाडी गाठायचीय."

आता इतक्या मोठ्या शिकलेल्या माणसापुढे आयटीआयच्या पोरानं काय बोलावं? पण हिंदुरावांच्या हातातला शिक्का काही खाली जाईना.

"साहेब," ते कसेबसे म्हणाले, "आधी गार होऊ द्या."

"गाडी जाईल माझी!"

"जाईल, साहेब. पण आधी गार होऊ द्या."

मग दोघं त्या कड्यापाशी बसून राहिले. हिंदुरावांच्या डब्यातली भाकरी आणि ठेचा दोघांनी मिळून खाल्ला. निंबोरे दर दहा मिनिटांनी कड्याला बोट लावून बघत, आणि हिंदुराव दर वेळी म्हणत, "हात नका लावू साहेब, हाताचीपण ऊब लागते त्याला." दोन तासांनी त्यांनी पुन्हा मोजलं. काटा मागे आला, पण दोन शतांशांवर येऊन थांबला. पुढे हलेना. भोक लहान असतं तर घासून मोठं करता आलं असतं. मोठं झालेलं भोक लहान करायला जगात मशीन नाही.

निंबोऱ्यांनी वाकून स्वतः काटा वाचला. मग त्यांनी कोपऱ्यातला लाल रंगाचा डबा ओढला आणि स्वतःच्या हातानं ते कडं लाल केलं. "खिशात ठेवतो," एवढंच म्हणाले. नवं कडं व्हायला अकरा दिवस लागले. तोवर मालकानं हिंदुरावांना घरी बसवलं होतं. देशाचं काम अडवणारा चेकर मला नको, म्हणाला.

हे शेवटचं वाक्य हिंदुरावांच्या मनात काट्यासारखं राहिलं. पुढे चाकणच्या कंपन्यांमध्ये त्यांनी तीस वर्षं मोजमाप केलं, चांगलं नाव मिळवलं, पण रात्री पुस्तक वाचता वाचता मध्येच मन विचारी, दोन शतांश सोडले असते तर काय आभाळ कोसळलं असतं? निंबोरे मोठे झाले, त्यांचे अग्निबाण उडाले, पुढे ते राष्ट्रपती झाले. एकदा पेपरात त्यांचा अभ्यासिकेतला फोटो आला. टेबलाच्या कडेला एक लाल ठिपका. हिंदुरावांनी तो भिंगातून बघितला, कापून पुस्तकात ठेवला. 'आधी गार होऊ द्या' हे निंबोऱ्यांचं बोलणं तर देशभर गाजलं. घाईघाईच्या कुठल्याही फायलीवर ते हेच म्हणत, व्यंगचित्रकारांनी त्यावरून त्यांना बर्फाच्या लादीवर बसवलं. हिंदुराव मनाशी म्हणत, चहाच्या कपालापण लोक असंच म्हणतात. आपण कोण लागून गेलो?

आणि आता ते कडं हातात होतं.

"गण्या, हे जरा..." ते बोलू लागले, तेवढ्यात दालनाची गाडी आली. माणसानं कडं कापडात गुंडाळलं, पोचपावतीवर सही केली आणि गेला. हिंदुरावांचं वाक्य तिथंच राहिलं.

संध्याकाळी काळेवाडीच्या घरी त्यांनी जेवण टाकलं, तेव्हा त्यांच्या पत्नी कौशल्याबाईंनी ओळखलं की काहीतरी बिनसलं आहे. "आवं, बोला की. का तोंडात मिठाची गुळणी धरलीया?"

हिंदुरावांनी सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा सगळं सांगितलं. कौशल्याबाईंना फोटोतला लाल ठिपका तेवढा माहीत होता. तो तांबडा गणपती असेल असं त्या इतकी वर्षं म्हणत आल्या होत्या.

"मग उद्या जाऊन सांगा की, हे कडं माझं हाय म्हणून."

"माझं म्हणून नाही गं. ते उडालेलं नाही, एवढंच. लाल केलेला पीस पुसून चांगल्या मालात ठेवायचा, ह्याच्यापरीस मोठं पाप आमच्या कामात नाही. आणि ते केलं कुणी, तर माझ्या लेकानं. उद्या चार पोरं येतील, हे कडं अवकाशात गेलं होतं म्हणून वाचतील. खोटं वाचतील. निंबोरे साहेबांच्या नावावर खोटं."

"मग अडलंय कशाला?"

हिंदुरावांनी ताट बाजूला सारलं. मग हळूच म्हणाले, "आणि हे कडं ते नसलंच तर? चव्वेचाळीस वर्षांनी एक म्हातारा येतो आणि राष्ट्रपतींच्या वस्तूला नापास म्हणतो. लोक हसतील. गण्याचं तोंड काळं होईल."

"नसलं तर काय करायचं ते तुमालाच ठावं. मोजायचं." कौशल्याबाईंनी ताट उचललं. "जल्मभर दुसऱ्याचं मोजलंत. आता आपलं मोजायची येळ आली तर पाय मागं!"

सकाळी हिंदुरावांनी पुस्तकांच्या कपाटामागून लाकडी पेटी काढली. आत त्यांचा भोक मोजायचा बोअर गेज आणि मायक्रोमीटर, तेल लावलेल्या कापडात. गणराज मोटार घेऊन आला. रात्री आईनं फोनवर त्याला सगळं ऐकवलं होतं. तो बापाच्या नजरेला नजर देत नव्हता. नवं लुगडं नेसून कौशल्याबाई मागच्या सीटवर आधीच जाऊन बसल्या होत्या.

सांगवीच्या दालनात झेंडूची तोरणं लावून झाली होती. बाहेर मांडवात दोनेकशे माणसं, शाळेची मुलं, पहिल्या रांगेत निंबोऱ्यांची मुलगी तेजस्विनी. अकरा वाजता मंत्री यायचे होते. आत मधोमध काचेच्या पेटीत, वरून दोन प्रखर दिवे सोडलेलं, ते कडं. खाली पितळी पाटी: 'डॉ. उद्धवराव निंबोरे यांच्या पहिल्या अग्निबाणाच्या इंजिनातील कडे. हे अवकाशात जाऊन आले.'

दालनाच्या प्रमुख दिपाली मॅडम हातात यादी घेऊन पळत होत्या. हिंदुराव लाकडी पेटी छातीशी धरून त्यांच्यासमोर उभे राहिले. शेवटी गणराजनंच तोंड उघडलं.

"मॅडम, कालचं काम चुकलंय माझं. लाल रंग काढायला नको होता. आमच्याकडे लाल म्हणजे नापास. हे कडं उडालेलं नाही, असं अण्णांचं म्हणणं आहे. त्यांनीच ते नापास केलं होतं."

दिपालीनं आधी बापाकडे, मग लेकाकडे पाहिलं. तिचा आवाज वाईट नव्हता, फक्त घाईत होता. "आजोबा, दिल्लीच्या यादीत 'इंजिनाचं कडं' असं लिहिलंय. नापास वगैरे काही नाही. आणि आता चाळीस मिनिटांत..."

"मोजू द्या," हिंदुराव म्हणाले. इतक्या हळू, की तिला पुढे वाकावं लागलं. "हद्दीच्या वर दोन शतांश असेल. कमी नाही, जास्त नाही. मी आधी सांगून ठेवतो. काटा तुम्ही वाचा, माझे डोळे अधू आहेत."

"दोन मिनिटं, मॅडम," गणराजनं हात जोडले. "ह्यांनी सगळी हयात मोजण्यात घालवलीय."

तोवर मांडवातली काही मंडळी दारातून आत डोकावू लागली होती. तेजस्विनीही आत आल्या आणि भिंतीशी थांबल्या. बहुधा वाद मिटवण्यासाठीच दिपालीनं पेटीचं कुलूप काढलं. हिंदुरावांनी मायक्रोमीटर हद्दीच्या मापावर लावला, ते माप त्यांना अजून पाठ होतं, आणि त्यावर गेजचा काटा शून्यावर आणला. मग हातानं गेज अलगद कड्यात उतरवला. त्या हाताला ही वाट पाठ होती.

"वाचा," ते म्हणाले.

दिपाली वाकली. "चार."

"नीट बघा."

"चारच आहे, आजोबा. एक, दोन, तीन, चार."

कुणीतरी मागे खुदकन हसलं. "राहू द्या बाबा, वय झालं," एक पुढारी मोठ्यानं म्हणाला. गणराजची मान खाली गेली. हिंदुरावांना कानात घोंगावल्यासारखं झालं. चार. म्हणजे हे ते कडं नव्हेच. म्हणजे तो ठिपका गणपतीच असेल. त्यांनी गेज काढला आणि कडं परत ठेवण्यासाठी डाव्या हातात घेतलं.

आणि तळवा चटकन त्यांना काहीतरी म्हणाला.

कडं गरम होतं. सकाळपासून वरचे दोन दिवे, भोवती बंद काच. चहाच्या पेल्यासारखं गरम. पीसला हात लावून ऊब बघायची आणि मगच मोजायचं, हा चेकरचा पहिला धडा. तो धडा ते आयुष्यात पहिल्यांदा, भीतीपोटी, विसरले होते. चार! भोसरीतल्या त्या दुपारीसुद्धा पहिल्यांदा चारच आलं होतं.

हिंदुरावांची पाठ ताठ झाली.

"मॅडम," ते म्हणाले, आणि हा आवाज शेवटच्या माणसापर्यंत गेला, "आधी गार होऊ द्या."

सगळ्या माना हिंदुरावांकडे वळल्या. हे वाक्य तिथं कुणाला माहीत नव्हतं? बाहेरच्या फलकावर ते हातभर अक्षरांत लिहिलं होतं. पुढारी पुटपुटला, "साहेबांची नक्कल करतोय." पण तेजस्विनी भिंतीपासून पुढे आल्या होत्या.

"काय म्हणालात?"

"गार होऊ द्या, ताई. दिव्यानं तापलंय. गरम कडं फुगतं." मग लाजून त्यांनी भर घातली, "साहेबांनापण हेच म्हणालो होतो. भोसरीला. गाडी चुकली त्यांची."

तेजस्विनींनी एक खुर्ची ओढली, हिंदुरावांना तिच्यावर बसवलं आणि दुसरी ओढून स्वतः शेजारी बसल्या. "दिवे बंद करा," त्या दिपालीला म्हणाल्या. "आपण थांबू."

कडं खिडकीजवळच्या कडप्प्याच्या थंड फरशीवर ठेवलं. मंत्र्यांची गाडी आली. त्यांना सांगितलं, जरा थांबावं लागेल. का? कडं गार व्हायचंय. मंत्री आधी चिडले, मग समोरचे कॅमेरे बघून हसले आणि बसले. मांडवातला बँड थांबला. शाळेची मुलं खिडकीला नाकं लावून उभी राहिली. एकानं आत हात घालून कड्याला बोट लावू पाहिलं, तेव्हा तेजस्विनी आणि हिंदुराव एकदमच म्हणाले, "हात नको, ऊब लागते!" आणि एकमेकांकडे बघतच राहिले.

"आमच्याकडे ते लाल होतं, म्हणून इथं आधी ओळखूच आलं नाही. बाबा आम्हाला त्या कड्याला हात लावू देत नसत," तेजस्विनी म्हणाल्या. "हेच कारण सांगायचे. दर खंडेनवमीला त्याची पूजा करायचे. आई विचारायची, कसली हो ही पूजा? तर म्हणायचे, माझ्या गुरूचा प्रसाद आहे. नाव विचारलं की म्हणत, मी विचारायचंच विसरलो गं, भाकरी खाण्याच्या नादात."

"आणि ठेचा," हिंदुराव म्हणाले.

"ठेचा! तो आठवून तर त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं." त्या हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. "नंतर ते परत आले होते तुम्हाला शोधायला. वर्कशॉपमध्ये सांगितलं, असा कुणी इथं नव्हताच. पुढे राष्ट्रपतिपदाची पाच वर्षं, कुठलीही मोठी सही करायची असली की आधी ते कडं कागदावर ठेवायचे. दोन दिवस. चार दिवस. लोक ओरडायचे, ते म्हणायचे, एका आयटीआयच्या पोरानं माझी गाडी चुकवली म्हणून माझं इंजिन फुटलं नाही. ते इंजिन त्या दोन शतांशांवर फुटलं असतं. नंतर त्यांनी चाचणी घेऊन बघितलं होतं. तसलंच दुसरं कडं मुद्दाम करून. चिंधड्या झाल्या."

हिंदुराव खिडकीबाहेर बघत राहिले. 'देशाचं काम अडवणारा चेकर.' इतक्या वर्षांचा तो काटा त्यांनी मनात चाचपून बघितला. तो सापडेना.

चाळीस मिनिटांनी ते उठले. कड्याला बोटाची मागची बाजू लावली, मान हलवली. गेज पुन्हा शून्यावर लावला, कड्यात उतरवला, हळूच इकडून तिकडे डोलवला. ह्या वेळी ते 'वाचा' म्हणाले नाहीत. दिपाली आपणहूनच वाकली होती. तिनं एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि सरळ होत मांडवाकडे तोंड करून ओरडली, "दोन! दोन शतांश!"

काय झालंय हे निम्म्या लोकांना कळलंसुद्धा नसेल. पण गणराजनं अशी शीळ घातली की बँडवाल्यांना तो इशाराच वाटला, आणि त्यांनी एकदम ताशा धरला. मुलं नाचू लागली. मघाचा पुढारी सगळ्यांच्या पुढे येऊन टाळ्या वाजवत होता.

लाल रंग कुणी आणायचा हा प्रश्नच आला नाही. गणराजच्या मोटारीत तो सकाळपासून होता. त्यानं डबा उघडून बापापुढे धरला. "घ्या अण्णा. माझी चूक पुसा."

"तूच धर ब्रश," हिंदुराव म्हणाले. "काढलास तू, लाव पण तूच. मी बघतो."

गणराजनं रंग लावला. हिंदुराव शेजारी उभे राहून, "खाचेत घे, खाचेत," करत राहिले. दिपालीनं पितळी पाटी उतरवली आणि पांढरा पुठ्ठा आणि पेन घेतलं.

"आजोबा, काय लिहू?"

"लिहा. नापास. भोक दोन शतांश मोठं."

"आणि तपासणाऱ्याचं नाव?"

हिंदुराव पुटपुटले, "नावाचं काय एवढं, कंपनीचा चेकर म्हणून..."

"हिंदुराव बाबाजी घोरपडे!" गर्दीच्या मागून कौशल्याबाईंचा खणखणीत आवाज आला. "मुक्काम काळेवाडी! आन् मोठ्या अक्षरात लिव्ह गं बाई, त्यास्नी बारीक दिसत न्हाई!"

हशा पिकला. दिपालीनं मोठ्या अक्षरांत लिहिलं. मग मंत्री फीत कापून पुढे झाले. कॅमेरे सरसावले. मंत्र्यांनी प्रसन्न चेहऱ्यानं ते कडं उचलण्यासाठी हात पुढे केला.

"हात लावू नका," हिंदुराव म्हणाले.

मंत्र्यांचा हात तिथंच थांबला. सगळं दालन हिंदुरावांकडे बघू लागलं, आणि त्यांनी ह्या वेळी नजर खाली घातली नाही.

"ओलं आहे अजून. आधी वाळू द्या."

आणि मंत्री हात मागे घेऊन, शाळेतल्या मुलासारखे, त्यांच्या शेजारी उभे राहून वाट बघू लागले.